खाडीत शिंपले कुठे तगतील? संभाव्य अधिवासाचा नकाशा, सोप्या भाषेत

भारताचा समुद्रकिनारा वाढला, ही बातमी मध्यंतरी अनेकांनी वाचली असेल. शाळेत पाठ केलेला ७,५१६ किलोमीटरचा आकडा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ११,०९८ किलोमीटर झाला. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ६५३ वरून ८७८ किलोमीटरवर गेला. जमीन कुठेच वाढलेली नाही, बदललं ते नकाशाचं प्रमाण. आधीचं मोजमाप ज्या नकाशावर झालं त्यात एक सेंटिमीटर म्हणजे ४५ किलोमीटर होते, नव्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. जुन्या नकाशात खाड्या आणि वळणं सरळ रेषेत बुजली होती, ती आता मोजली गेली.

पण कोकणातल्या एखाद्या खाडीत तिसऱ्यांची, म्हणजे वाळूत रुतून राहणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांची, शंभर मीटर रुंदीची चांगली जागा असेल, तर या नव्या नकाशावरही ती अर्धा मिलिमीटर भरत नाही. म्हणजे ती दिसतच नाही. आणि जेटी कुठे बांधायची, वाळू कुठून उपसायची, बंदराचा भराव कुठे टाकायचा हे सगळे निर्णय होतात नकाशा समोर ठेवूनच. सुकतीला म्हणजे ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बायकांचा रोजगार त्या कागदावर कोरी जागा म्हणून दिसतो.

म्हणून जगभरचे समुद्रजीवशास्त्रज्ञ किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या ‘संभाव्य अधिवासा’चे नकाशे करतात. अधिवास म्हणजे एखादा जीव जगतो, खातो, वाढतो आणि पुढची पिढी घडवतो ती जागा. असे नकाशे होतात कसे, त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि कोकणासाठी ते करायचे तर कशाची काळजी घ्यायची, ते इथे पाहू.

तीन जीव, तीन तऱ्हा

बाजारात एकाच टोपलीत दिसले तरी तिसऱ्या, कालवं आणि शिनाणे (इंग्रजीत ‘मसल’) यांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत.

तिसरी वाळूत राहते. नुसता चिखल तिला गुदमरवतो, नुसती भरड वाळू लाटेबरोबर हलत राहते. तिला हवी असते थोडा गाळ मिसळलेली, पाय टाकला की किंचित खचणारी जमीन. तिच्यात ती काही सेंटिमीटर खाली रुतून बसते आणि दोन बारीक नळ्या वर काढते. एकीतून पाणी आत घेते, दुसरीतून बाहेर सोडते. पाणी ओसरलं की रेवेवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसतात, ती या नळ्यांची खूण. जाणत्या बायका कमरेएवढ्या पाण्यात ही भोकं न बघताही पायाच्या बोटांनी तिसरी चाचपून काढतात.

कालव कातळाचं. त्याचं पिल्लू एकदा एका जागी चिकटलं की आयुष्यभर तिथून हलत नाही. खडक, जेटीचा खांब, तिवराचं खोड किंवा दुसऱ्या कालवाची रिकामी शिंप, काहीही चालतं, पण टणक हवं. जिथे आधीच कालवं आहेत तिथे नवी पिल्लं जास्त बसतात. त्यामुळे एकदा खरवडून साफ केलेला कातळ पुन्हा भरायला वेळ लागतो.

शिनाणे खडकावर असतात, पण चिकटून नाही. ते चिवट धागे काढतात आणि त्यांनी स्वतःला बांधून घेतात. म्हणूनच दोरावर त्यांची शेती करता येते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात पडन्ना भागात १९९० च्या दशकापासून महिला बचत गटांनी अशी दोरावरची शेती मोठ्या प्रमाणावर उभी केली.

एक गोष्ट तिघांत सारखी आहे. तिघंही पाणी गाळून त्यातली सूक्ष्म शेवाळं खातात आणि तिघांचीही पिल्लं सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतात. आज एका खाडीत दिसणाऱ्या तिसऱ्यांचं बियाणं शेजारच्या खाडीतून प्रवाहाबरोबर आलेलं असू शकतं. नकाशाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे, कारण एका खाडीचं नुकसान तिच्या हद्दीत थांबेलच असं नाही.

‘संभाव्य’ म्हणजे आहे असं नव्हे

या नकाशांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. नकाशावर योग्य म्हणून हिरव्या रंगाने दाखवलेली जागा पाहून लोक धरून चालतात की तिथे शिंपले आहेत.

हापूसची लागवड करणारा बागायतदार डोंगरउतार बघतो, जांभा बघतो, समुद्र किती लांब आहे ते बघतो आणि म्हणतो, ‘इथे कलम लागेल.’ त्याच्या त्या बोलण्याचा अर्थ तिथे आज आंब्याचं झाड आहे असा नसतो. झाड असेलही, नसेलही, कुणी कधी लावलंच नसेल किंवा असलेलं तोडलं असेल. संभाव्य अधिवासाचा नकाशा हेच समुद्राबाबत बोलतो: इथली परिस्थिती या जीवाला मानवणारी आहे.

हिरव्या जागी प्रत्यक्षात शिंपले नसतील तर त्याची कारणं शोधणं हाच या नकाशाचा खरा उपयोग. बियाणं पोहोचत नसेल. उपसा जास्त झाला असेल. कारखान्याचं पाणी येत असेल. किंवा जागा दुसऱ्याच जीवाने व्यापली असेल. केरळात गेल्या काही वर्षांत अमेरिका खंडातला ‘चारू’ नावाचा परदेशी शिंपला अष्टमुडी आणि इतर कायलांमध्ये, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरांमध्ये, पसरला आणि तिथल्या कालवांच्या नि तिसऱ्यांच्या जागांवर बसला. पाणी तेच, तळ तोच, नकाशा हिरवाच, पण घर दुसऱ्याने बळकावलेलं.

नकाशा बनतो तरी कसा

पहिली पायरी म्हणजे थर जमवणं. पाण्याची खोली, तळाचा पोत, क्षारता, तापमान, लाटांचा मारा, पाण्यातल्या शेवाळाचं प्रमाण, ओहोटीला जागा किती वेळ उघडी पडते, यांतल्या प्रत्येकाचा त्याच खाडीचा एकेक नकाशा. संगणकावर हे नकाशे एकावर एक ठेवले जातात आणि खाडीचे छोटे छोटे चौकोन पाडले जातात.

दुसरी पायरी गुण देण्याची. प्रत्येक चौकोनाला प्रत्येक बाबतीत शून्य ते एक असे गुण मिळतात. शिनाण्यांना साधारण २७ ते ३३ क्षारता मानवते, म्हणजे एक किलो पाण्यात २७ ते ३३ ग्रॅम मीठ. त्या पट्ट्यातल्या चौकोनाला एक, जसजसं पाणी गोडं होत जाईल तसतसे कमी. सगळे गुण एकत्र करून जो आकडा येतो त्याला योग्यता निर्देशांक म्हणतात.

एकत्र कसे करायचे, यात मात्र मोठी गोम आहे. समजा, तिसऱ्यांसाठी एका चौकोनाला क्षारतेचे ०.९, तापमानाचा १, खाद्याचे ०.९ गुण मिळाले, पण तळ कातळाचा असल्याने तळाचे मिळाले शून्य. साधी सरासरी काढली तर ०.७ येते. कागदावर जागा झकास दिसते! पण कातळात तिसरी रुतणार कुठे? म्हणून इथे गुणाकार करतात. एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्य येतं, आणि ते खरं असतं. काही शास्त्रज्ञ त्याहून कडक नियम लावतात, सगळ्यांत कमी गुण हाच त्या जागेचा गुण. तुमच्या भागातल्या प्रकल्पाच्या अहवालात असा नकाशा दिसला तर आकडे एकत्र कसे केले हा प्रश्न जरूर विचारा. सरासरीचा नकाशा नेहमीच वास्तवापेक्षा गोड दिसतो.

दुसरीही एक पद्धत आहे. तीत गुण माणूस ठरवत नाही. शिंपले जिथे सापडले त्या जागांच्या नोंदी संगणकाला दिल्या जातात, आणि त्या जागांमध्ये काय सारखं आहे ते तो शोधतो. ही पद्धत प्रभावी आहे, पण नोंदी जशा, तसंच उत्तर. आपल्याकडच्या जुन्या नोंदी बहुतेक रस्त्याजवळच्या, जेटीजवळच्या, महाविद्यालयाजवळच्या जागांच्या असतात. मग संगणक शिकतो काय? तर शिंपल्यांना जेटी आवडते. नोंदींमधला हा कल काढून टाकण्यातच अभ्यासकांचा बराच वेळ जातो.

क्षारतेचा पेच

कोकणासाठी सगळ्यात अवघड थर क्षारतेचाच. बाहेरच्या अरबी समुद्राची क्षारता वर्षभर ३५ च्या आसपास. खाडीत मात्र मे महिन्यात जवळजवळ तेवढीच खारट असणारी जागा जुलैच्या एका मुसळधार आठवड्यानंतर पार गोडी होते. कालव शिंप घट्ट मिटून काही दिवस काढू शकतं. तिसरीचाही तोच प्रयत्न असतो, पण गोडं पाणी फार दिवस राहिलं तर ती मरते. अशा पुरांनंतर रिकाम्या शिंपांचा थर किनाऱ्याला लागतो, तो त्याचाच.

म्हणून कोकणातल्या खाडीचा वार्षिक सरासरीवर काढलेला नकाशा जवळजवळ निरुपयोगी. मार्चमधली ३२ आणि जुलैमधली ३ यांची सरासरी काढून जी क्षारता येते, ती त्या खाडीत फार थोडे दिवस असते. जीव सरासरीवर जगत नाही, त्याला वाईटातला वाईट आठवडा निभवावा लागतो. नकाशा महिन्यांचाच हवा. तसा केला की गंमत दिसते. एखादी जागा शिनाण्यांच्या कायमच्या वस्तीला नालायक, पण नोव्हेंबर ते मे दोरावर वाढवायला उत्तम ठरते. कासरगोडची शेती याच हिशोबावर चालते, पावसाळ्यानंतर दोर बांधायचे आणि पुढचा पाऊस यायच्या आत काढणी संपवायची.

प्रत्येक खाडीचा स्वभावही निराळा. दाभोळच्या खाडीला मिळणारी वाशिष्ठी घ्या. कोयना प्रकल्पात वीज तयार करून सोडलेलं पाणी पश्चिमेला याच नदीत येतं. एरवी उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात आणि भरतीचं खारं पाणी खाडीत दूरवर चढतं. वाशिष्ठीत मात्र ऐन उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी उतरत राहतं. शेजारच्या खाडीवरून बेतलेला नकाशा इथे चालणार नाही, हे उघड आहे. या खोऱ्यात लोटे परशुरामची रासायनिक वसाहतही आहे, त्यामुळे प्रदूषणाचा थर वेगळा घ्यावा लागेल तो निराळाच.

समुद्राची क्षारता मोजणारे उपग्रह आहेत, पण त्यांचा एक चौकोन दहा किलोमीटरांहून कितीतरी मोठा. त्यात अख्खी खाडी मावून वर जमीनही येते. त्यामुळे होडीत बसून मोजण्याला पर्याय नाही. हातात धरायचं छोटं यंत्र असतं, दुर्बिणीच्या एका नळीसारखं. त्याच्या काचेवर खाडीच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून पाहायचं. आत निळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेघ कोणत्या आकड्यावर आहे, ती क्षारता. भरतीला एकदा, सुकतीला एकदा, वर आणि तळाशी वेगवेगळं, कारण गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि तिसरी असते तळाशी. हे काम कष्टाचं आहे, महागडं मात्र नाही. खाडीकाठच्या कुठल्याही माध्यमिक शाळेतली मुलं ते वर्षभर करू शकतील.

उपग्रहाला काय दिसतं आणि काय निसटतं

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांचा एक चौकोन १० मीटरचा, फेरा साधारण पाच दिवसांचा. रेव, चिखल, कातळ, तिवरं यांतला फरक त्यांवरून बऱ्यापैकी कळतो. अनेक वर्षांची छायाचित्रं एकत्र करून कोणता चौकोन किती वेळा पाण्याखाली आणि किती वेळा उघडा होता हे मोजलं की ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्याचा नकाशा तयार होतो.

आपल्या किनाऱ्यावर मात्र यात एक अडचण येते आणि ती किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच पटेल. हे उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास डोक्यावरून जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत भरती येते दुपारच्या आसपास आणि मोठी सुकती असते पहाटे किंवा संध्याकाळी. म्हणजे खाडी सगळ्यात जास्त उघडी पडते तेव्हा उपग्रह तिथे नसतो. त्याला सकाळची सुकती मिळते ती भांगाची, ज्या दिवसांत पाणी फारसं हटतच नाही. सगळ्यात खालचा, फक्त उधाणाच्या सुकतीला दिसणारा पट्टा त्याच्या हिशोबी कायम पाण्याखाली. बायका पहाटे उठून जिथे पोहोचतात, नेमकी तीच जागा चित्रात नाही.

यावर उपाय रडार उपग्रहांचा. ते साधारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातात, म्हणजे उधाणाच्या सुकतीच्या जवळपास. शिवाय त्यांना ढगांचा अडथळा नाही, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे साधं छायाचित्र मिळणं मुश्कील. इस्रो आणि नासाचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी सुटला, तोही अशाच पहाट-संध्याकाळच्या कक्षेतला. कोकणाच्या खाड्यांसाठी या चित्रांचा वापर मुद्दाम शिकून घ्यायला हवा.

एवढं करूनही पाण्याखालचा तळ दिसत नाही. लक्षद्वीपसारखं नितळ पाणी असेल तर उपग्रह काही मीटर खोलपर्यंत पाहू शकतो. आपल्या गढूळ खाड्यांत हातभर खालचंही दिसत नाही. नौदलाचे खोलीचे नकाशे जहाजांसाठी, ते उथळ रेवेपाशी येईपर्यंत संपतात.

खोदल्याशिवाय खात्री नाही

म्हणून शेवटची पायरी चिखलात. लोखंडी किंवा पीव्हीसी नळीची अर्धा मीटर बाजूची चौकट घ्यायची, नकाशाने सांगितलेल्या जागी टाकायची, आतली वाळू वीतभर खोलीपर्यंत खणायची, चाळायची आणि जे निघेल ते मोजायचं, मापायचं. नुसते मोठे मोजून भागत नाही. नखाएवढी पिल्लं निघाली तर तिथे बियाणं पोहोचतंय, असं कळतं. नुसत्या म्हाताऱ्या मोठ्या शिंपा निघाल्या आणि पिल्लं नाहीतच, तर ती जागा आतून रिकामी होत चालली आहे.

आणि शून्याची नोंद करायची. चौकट टाकली, काही निघालं नाही, तर तेही तारखेसकट लिहायचं. बऱ्याच जुन्या सर्वेक्षणांत शून्याच्या नोंदीच नाहीत, त्यामुळे तिथे काही नव्हतं की कुणी गेलंच नव्हतं ते आता सांगता येत नाही.

‘आमच्या बायकांना ठाऊक आहे, मग हा खटाटोप कशाला?’

अगदी रास्त प्रश्न. खारवी, भोई, गाबीत वस्त्यांमधल्या, आणि खाडीकाठच्या इतरही कितीतरी घरांतल्या बायकांना कुठल्या रेवेवर काय मिळतं, कोणत्या महिन्यात भरलेलं मिळतं आणि दहा वर्षांपूर्वी कुठे मिळायचं, हे तोंडपाठ असतं. माझ्या मते तो नकाशाचा पहिला आणि सगळ्यात मोलाचा थर आहे. मिळायचं पण आता मिळत नाही, ही माहिती तर कुठल्याच उपग्रहाकडे नाही.

पण ठाऊक असणं आणि नोंद असणं यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील भागांची यादी आहे. तिच्यात तिवरं आहेत, प्रवाळ आहेत, कासवांच्या विणीच्या जागा आहेत, नालखेकड्यांचा म्हणजे हॉर्सशू क्रॅबचा अधिवासही आहे. जैविक दृष्ट्या सक्रिय चिखलपट्टेही आहेत. पण तिसऱ्यांच्या रेवा किंवा कालवांचे कातळ असं नाव घेऊन काही नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने काढून दुसरीकडे लावल्या गेल्या, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. कालवांना ते नाही. त्यामुळे कुणाचं तरी पोट त्यांच्यावर चालतं हे दाखवायचं तर कागदच लागतो.

‘नकाशा झाला की बाहेरचे येऊन ओरबाडतील’

ही भीती मला सगळ्यात जास्त पटते. कुठे काय आहे ते उघड केलं की ठेकेदार टेम्पो घेऊन येतो, हे किनाऱ्याने पाहिलेलं आहे. याला माझं उत्तर असं: जागा नेमकी दाखवणारा बारीक नकाशा सगळ्यांसाठी खुला करूच नये. बाहेर द्यायचा तो ढोबळ, एवढ्या पट्ट्यात शिंपल्यांचा अधिवास आहे एवढंच सांगणारा. बारीक नकाशा गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे असावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा समित्या आणि त्यांनी ठेवायची लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केलेली आहे. नकाशा करणाऱ्या संस्थेने काम सुरू करण्याआधीच गावाशी हे लेखी ठरवायला हवं, नंतर नव्हे.

आणि नकाशाबरोबर नियम हवेत, नाहीतर नकाशा एकटा काही वाचवत नाही. अमेरिकेत मेरिलँड राज्याने १९०६ ते १९१२ या काळात चेसापीक उपसागरातल्या कालवांच्या जागांचं अतिशय काटेकोर सर्वेक्षण केलं. त्या हद्दी पुढे कित्येक दशकं कायद्यात वापरल्या गेल्या. तरी अति उपसा, गाळ आणि पुढे आलेले रोग यांमुळे कालवं घटतच गेली.

उलट उदाहरण जवळचं आहे. केरळच्या अष्टमुडी कायलात तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या शिंपल्यांचा मोठा धंदा आहे. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात उपसा बंद, जाळ्याचा आस म्हणजे भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको, असे नियम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावर ठरले आणि मच्छीमारांनी ते पाळले. २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

‘हिरवी जागा म्हणजे तिथलं खायला चांगलं?’

मुळीच नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. जो जीव पाणी गाळून खातो तो पाण्यातली घाणही साठवतो. सांडपाण्यातले जंतू, जड धातू आणि काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत जमा होतं. शिंपला स्वतः ठणठणीत असतो. १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजम इथे शिनाणे खाऊन माणसं दगावली, ती अशाच शेवाळविषाने. हे विष शिजवून जात नाही.

त्यामुळे शिंपल्याला जागा मानवते का आणि तिथला शिंपला माणसाला मानवेल का, हे दोन नकाशे वेगळेच काढावे लागतात. युरोपात शिंपल्यांच्या प्रत्येक क्षेत्राची जंतूंच्या तपासणीवरून वर्गवारी होते. काही ठिकाणचे थेट विकता येतात, काही ठिकाणचे शुद्ध पाण्यात ठेवून मगच. एखादी खाडी शेतीसाठी सुचवताना आपल्याकडेही वरच्या गावाचं सांडपाणी कुठे उतरतं, ते आधी पाहायला हवं.

‘हवामान बदललं तर हा नकाशा टिकेल का?’

जसाच्या तसा टिकणार नाही. कमी दिवसांत जास्त पाऊस कोसळू लागला तर क्षारता एकदम खाली जाण्याचे प्रसंग वाढतात, म्हणजे तोच वाईट आठवडा आणखी वाईट होतो. समुद्राची पातळी वाढली की ओहोटीचा पट्टा जमिनीकडे सरकायला बघतो. मागे मोकळी रेव असेल तर तो सरकतो. मागे धूपप्रतिबंधक बंधारा असेल तर पट्टा पाणी आणि दगड यांच्यात चेपून अरुंद होत जातो. तिसऱ्यांची जागा जाते. त्याच बंधाऱ्याच्या दगडांवर कालवं मात्र बसू शकतात. एका जीवाचा नकाशा लाल होताना दुसऱ्याचा हिरवा होऊ शकतो, म्हणून ‘शिंपल्यांचा’ असा एकच नकाशा कुणी दाखवला तर तो अपुरा समजावा. दर काही वर्षांनी पुन्हा चौकटी टाकून तो ताजा करावा लागतो.

जनसुनावणीत काय विचारायचं

तुमच्या खाडीवर बंदर, जेटी किंवा वाळूउपशाचा प्रकल्प येत असेल आणि त्याला जनसुनावणी लागू असेल, तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. त्यात सागरी जीवांचं प्रकरण उघडा आणि आधी तारखा पाहा. अशा अहवालांसाठी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच ऋतूतली पाहणी पुरेशी धरली जाते, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं जगणं-मरणं ठरवणारे चार महिने त्यात नसतातच. मग विचारा: पाहणी उधाणाच्या सुकतीला केली की भांगाच्या? किती ठिकाणी खणून चाळलं आणि चाळणीचा आस केवढा होता? शून्याच्या नोंदी कुठे आहेत? खाडीत उतरणाऱ्या किती बायकांशी बोलणं झालं आणि त्यांनी दाखवलेल्या जागा नकाशावर कोणत्या पानावर आहेत? उत्तरं तोंडी घेऊ नका. सुनावणीच्या इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्या, आणि जमलं तर तुमच्या गावच्या बायकांनी सांगितलेल्या रेवांचा हाताने काढलेला नकाशा लेखी हरकतीला जोडून द्या.